आई-बाबांचं वजनाचं ऑपरेशन आणि घरातली लहान मुलं

आमच्या आहार सल्ला केंद्रात येणाऱ्या कुटुंबांसाठी

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की तपासण्या, विम्याचे कागद, रजेचा अर्ज हे सगळं आपोआप मार्गी लागतं. राहून जातं ते घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला सांगणं. ‘त्याला काय कळतंय’ म्हणून आपण टाळतो. पण दाराआडून कानावर पडलेलं अर्धं वाक्य, आजीचा उतरलेला चेहरा आणि भरलेली बॅग, एवढ्यावरून मूल मनातल्या मनात काहीतरी रचतं, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. म्हणून आमचं सांगणं असं, की आधी सांगा, थोडं सांगा, पण खरं सांगा.

कधी आणि काय?

चार वर्षांच्या आतल्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगितलं तरी पुरे. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र ऑपरेशनआधीचा पातळ आहार सुरू होतानाच सांगा. हा आहार बहुतेकांना साधारण दोन आठवडे असतो. ताटातला फरक त्याला दिसणारच आहे.

शब्द साधे ठेवा. “माझं वजन वाढलंय, त्यामुळे गुडघे दुखतात, जिना चढताना दम लागतो. डॉक्टर माझं पोट आतून लहान करणार आहेत, म्हणजे ते थोड्या जेवणात भरेल. दोन-तीन दिवस दवाखान्यात राहून मी घरी येईन.” ऑपरेशनसाठी पुण्याला जाणार असाल तर तेही सांगा. तितके दिवस रात्री जवळ कोण झोपणार आणि शाळेत कोण सोडणार, हे मुलाच्या दृष्टीने ऑपरेशनपेक्षा मोठे प्रश्न असतात.

‘पोट कापून टाकणार’ असं चुकूनही म्हणू नका. ‘स्लीव्ह’ नावाच्या ऑपरेशनच्या प्रकारात जठराचा बराचसा भाग, साधारण पाऊण किंवा त्याहून अधिक, काढतात हे खरं आहे. पण हा तपशील आठ-नऊ वर्षांच्या मुलाने विचारला तरच द्यावा. दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, पोटावर चार-पाच छोटे टाके दिसतील, एवढं लहानांना बास. भूल देण्याबद्दल नुसतं ‘झोपवतात’ म्हटलं तर काही मुलं स्वतः झोपायला घाबरतात. ही रात्रीची झोप नव्हे, डॉक्टर पूर्ण वेळ शेजारी असतात आणि काम झालं की जागं करतात, असं सांगावं.

‘तू बरी होशील ना?’ असं विचारलं तर शपथा घेऊ नका. “हे ऑपरेशन डॉक्टरांच्या सवयीचं आहे, सगळे माझी काळजी घेतील, आणि बाबा तुला फोन करून सांगतील.” हे उत्तर खरंही आहे आणि धीर देणारंही.

आणखी एक. ‘तू झालास तेव्हापासून माझं वजन वाढलं’ हे वाक्य आपल्याकडे आया सहज बोलून जातात. या दिवसांत ते पूर्ण बंद. या वयाचं मूल घरातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण स्वतःमध्ये शोधतं. तुझ्या हट्टामुळे, त्रासामुळे यातलं काही झालेलं नाही, हे त्याने न विचारताही सांगा.

घरी आल्यावर

बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे जड उचलू नका म्हणतात. तीन वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ एवढाच कळतो, की आई कडेवर घेत नाही. आधीच ठरवा: आई बसेल, तू शेजारी चढून ये. झोपताना पोटाशी उशी ठेवा, कारण लाथा बसतातच. कधी उलटी होईल, तीनेक महिन्यांनी काहींचे केसही गळतात. मुलाला हे आधी ठाऊक असलं की ते दचकत नाही.

ताटावरचं बोलणं

खरी परीक्षा इथे आहे, कारण ऑपरेशन एका दिवसाचं आणि जेवण रोजचं. कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर ताव मारणारे पप्पा वाटीभर वरणाचं पाणी घोट घोट पीत बसले, की मुलं दोनपैकी एक करतात. काही आपलं ताटही अर्धं ठेवतात, काही पोलीस होतात: “पप्पा, तुम्ही भजं खाल्लं!” दोन्ही थांबवायला हवं. पहिल्याला सांगा, “माझं पोट आता लहान आहे, तुझं वाढायचं आहे, तू पोटभर जेव.” दुसऱ्याला पहारेकरी करू नका, मोठ्यांच्या पथ्याचा भार मुलावर नको. मदतच करायची असेल तर पाण्याची बाटली आणून देण्याचं काम द्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात घोट घोट पाणी पीत राहणं ऑपरेशननंतर फार गरजेचं असतं, आणि हे काम मुलं ऐटीत करतात.

‘जाड’ हा शब्द शिवीसारखा वापरू नका, स्वतःबद्दलसुद्धा. आरशासमोर आई स्वतःला नावं ठेवते तेव्हा मागे उभी असलेली मुलगी आपलं पोट चाचपते. कपडे सैल झाल्याचं कौतुक कमी करा. आता कंबर तलावाला सोबत चक्कर मारता येते, गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत दम लागत नाही, याचं करा.

नातेवाईक

आजी-आजोबा मराठीत बोलोत, तेलुगूत की कन्नडमध्ये, ‘एवढंसं खाऊन जगणार कसं?’ हे मुलासमोर निघतंच. त्यांना आधी विश्वासात घ्या. गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनचा दुसरा प्रकार असेल, तर हा पोटाचा बायपास आहे, हृदयाचा नव्हे, हेही समजावा. मुलाला मात्र ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून गुपित सांभाळायला लावू नका. शेजाऱ्यांनी विचारलं तर “आईचं पोटाचं ऑपरेशन झालंय” एवढं म्हणायला शिकवा.

काही आठवडे उलटूनही मूल नीट जेवत नसेल, अंथरूण ओलं करत असेल किंवा शाळेत जायला रडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

ऑपरेशनआधीच्या भेटीला मुलांना सोबत आणलंत तर आम्हाला आवडेल. आधी फोन करून सांगा, म्हणजे थोडा जास्त वेळ राखून ठेवू. वाटीचं नवं माप त्यांनाही दाखवू आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरं तुमच्यासमोरच देऊ.