सप्त्यातला मिक्सर: गाणाऱ्याचा आवाज गेला कुठे?

सप्त्यात दुपारची पंगत उठली, की मांडव घटकाभर सुना होतो. हरिपाठाला वेळ असतो, म्हणून साऊंडवाला पोरगा मोबाईल मिक्सरला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून स्पीकरच्या बॉक्सकडे पाठवणाऱ्या यंत्राला, जोडून अभंग लावतो. बीडकडच्या एका गावात मी असाच खांबाला टेकून बसलो होतो. पेटी वाजत होती, टाळ किणकिणत होते, पण गाणाऱ्याचा आवाजच नव्हता. नीट कान दिला तर विहिरीतून यावी तशी त्याची नुसती घुमणी ऐकू येई. पोरानं पिन फुंकली, मोबाईल बदलला, आवाज वाढवला. पेटी वाढली, गायक काही आला नाही. मग त्यानं एक जुनं, स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा आवाज) येण्याआधीच्या काळातलं ध्वनिमुद्रण लावलं. ते तर जवळपास मुकंच निघालं.

बिघाड कशातच नव्हता. मिक्सर वजाबाकी करत होता, आणि ती चोख करत होता.

माईकची वायर मांडवात विजेच्या वायरींच्या सोबतीनंच फिरते. विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण तिच्यात शिरणारच. म्हणून आवाज दोन तारांतून आणतात: एकीत सुलटा, दुसरीत उलटा. गुणगुण मात्र दोन्हींत सारखीच शिरते. मिक्सरवरचा माईकचा एकेरी चॅनल, म्हणजे एकाच आवाजाची वाट, पहिल्या तारेतून दुसरी वजा करतो. सारखी असलेली गुणगुण तिथेच संपते, आणि उलटा आवाज वजा झाल्यानं सुलटा होऊन पहिल्यात मिळतो, म्हणून आवाज दुप्पट होतो. इतकी साधी युक्ती, पण तिच्याविना शंभर फुटांवरचा माईक वापरणं कठीण झालं असतं.

आता मोबाईलची पिन पाहा. तिच्यावर दोन बारीक रेघा असतात, म्हणजे धातूचे तीन भाग: टोकाला डावा आवाज, मधल्या कड्याला उजवा, दांड्याला जमीन (ग्राउंड). ही पिन माईकच्या एकेरी चॅनलमध्ये खुपसली, की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. ध्वनिमुद्रणात गायकाला मधोमध बसवलेलं असतं, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे तो अगदी सारखा असतो. मिक्सरच्या लेखी तो गुणगुणच, म्हणून पुसला जातो. एका बाजूला ठेवलेली पेटी उरते. गायकाचा घुमारा दोन बाजूंना थोडा वेगळा असतो, म्हणून तोही उरतो. जुन्या ध्वनिमुद्रणात दोन्ही बाजू एकच, मग उरणार काय?

यासाठीच मिक्सरवर, सहसा उजव्या अंगाला, स्टिरिओ चॅनल असतात. त्यांना डाव्या-उजव्याची दोन छिद्रं असतात आणि दोघांना मिळून एकच फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी. एका टोकाला मोबाईलची बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या पिना अशी कॉर्ड मिळते. पोरानं ती लावली आणि गायक मांडवात परत आला.

स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन. १९३१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, आणि त्यातही दोन वाहिन्यांची बेरीज-वजाबाकी होतीच. दोन कानांमध्ये डोक्याचं अंतर असतं. बाजूनं आलेला आवाज एका कानाला फार तर ०.७ मिलिसेकंद आधी पोचतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो.

पण कीर्तनाच्या मांडवात ही जादू चालत नाही, आणि ती करायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. डाव्या बॉक्सपासून ३ मीटरवर बसलेल्या आजीपासून उजवा बॉक्स २० मीटर दूर असतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे उजवा आवाज तिला जवळजवळ ५० मिलिसेकंद उशिरा आणि बराच हळू ऐकू येतो. तिच्यासाठी डावा बॉक्स हेच सगळं कीर्तन. आपल्याकडे बाया एका अंगाला आणि बाप्ये दुसऱ्या अंगाला बसतात. मृदंगाच्या दोन तोंडांना दोन माईक लावून एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे फिरवला, तर कणीक लावलेल्या तोंडाचा खर्ज एका बाजूलाच मिळेल आणि शाईच्या तोंडाची चाट दुसरीला. ज्यांनी सात दिवस भाकरी थापल्या त्यांना अर्धाच मृदंग का ऐकवायचा? माईकचे पॅन, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे वळवणारे नॉब, मधोमधच ठेवावेत.

आता ऑक्स, म्हणजे चॅनलमधला आवाज आणखी एकीकडे पाठवायची वेगळी वाट. जायकवाडीच्या कालव्यावर ज्याचं शेत आहे त्याला हे लगेच कळेल. चारी दरवाजाच्या वर फुटली असेल, तर खालचा दरवाजा बंद झाला तरी तिला पाणी मिळतं. खाली फुटली असेल, तर दरवाज्यासोबत तीही आटते. फेडर म्हणजे तो दरवाजा. वरची चारी ती प्री (फेडरच्या आधीची), खालची ती पोस्ट (फेडरच्या नंतरची). फरक एवढाच, की चारी सोडल्यावर कालव्याचं पाणी कमी होतं; ऑक्समध्ये आवाजाची नक्कल जाते, मूळ प्रवाह तेवढाच राहतो.

महाराजांसमोरच्या मॉनिटरला, म्हणजे त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेल्या बॉक्सला, प्री हवा. मोठे बॉक्स लोकांकडे तोंड करून असतात, मागे टाळांचा कल्लोळ, त्यात महाराजांना स्वतःचा सूर मॉनिटरमधूनच सापडतो. ती चारी पोस्ट असली, तर लोकांसाठी फेडर वर केला की मॉनिटरही चढतो. त्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, माईकमधून परत मॉनिटरमध्ये. दर फेरीला तो आधीपेक्षा मोठा होऊन परतला, की शिट्टी वाजते. स्टिरिओ चॅनलवरचा ऑक्स बहुतेक मिक्सरवर डावं-उजवं एकत्र करून पाठवतो, कारण मॉनिटर एकच असतो. इथे बेरीज असते, म्हणून गायक हरवत नाही.

आवाजाला घुमारा जोडणाऱ्या इकोला मात्र पोस्टच. प्री ठेवला, तर फेडर खाली ओढल्यावर आवाज जातो आणि घुमणी मागे राहते, त्या दुपारच्या गायकासारखी.

इकोचं यंत्र बाहेरचं असेल, तर त्याचे दोन आउटपुट स्टिरिओ चॅनलमध्येच परत घ्यावेत. अभंगाला त्याचा फेडर थोडा वर, महाराज बोलू लागले की खाली, नाहीतर शब्द एकमेकांवर चढतात. पण त्या चॅनलवरही इकोच्या ऑक्सचा नॉब असतो. तो चुकून फिरला, की इकोचा आवाज पुन्हा इकोत जातो आणि फेरा सुरू होतो. त्या पोराला मी तो एक नॉब शून्यावर आणून चिकटपट्टी लावायला सांगितली.