‘शेवटचा बचावपटू’ आणि लाल कार्ड

‘शेवटच्या बचावपटूने फाउल केला की लाल कार्ड’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पण फुटबॉलच्या नियम १२ मध्ये ‘शेवटचा बचावपटू’ हा निकषच नाही. गोलची स्पष्ट संधी हिरावली का, एवढंच पंच पाहतात. त्यासाठी गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, चेंडूवर ताबा राहण्याची शक्यता आणि इतर बचावपटू कुठे नि किती, हे तपासतात. आक्रमक कॉर्नरच्या झेंड्याकडे पळत असेल, तर मागे कुणी नसूनही सहसा लाल कार्ड निघत नाही (घातक टॅकलची गोष्ट वेगळी). २०१६ पासून पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या प्रयत्नात गोलची स्पष्ट संधी हिरावणारा फाउल होऊन पेनल्टी मिळाली, तर पिवळंच. जर्सी ओढली तर मात्र लाल. चेंडूवर ताबा राहण्याची शक्यता पडताळायला रिप्ले फाउलच्या क्षणी थांबवा आणि चेंडू आक्रमकाच्या पायापासून किती लांब गेलाय ते बघा.