दारिद्र्याशी लग्न: असिसीच्या एका भित्तिचित्रामागचा वाद

इटलीतल्या असिसी गावच्या बॅसिलिकात, म्हणजे संत फ्रान्सिसच्या भव्य दुमजली चर्चमध्ये, खालच्या चर्चच्या मुख्य वेदीवरील छतावर एक लग्न रंगवलेले आहे. नवरदेव संत फ्रान्सिस, वधू साक्षात दारिद्र्य आणि लग्न लावणारा ख्रिस्त. वधू कृश आहे. तिच्या अंगावर फाटका झगा आणि पायाखाली काटे आहेत. कुत्रा तिच्यावर भुंकतो आहे, एक पोरगा दगड भिरकावतो आहे, दुसरा काठीने डिवचतो आहे. इटालियन चित्रकार जोत्तो याच्या चित्रशाळेतल्या कलावंतांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हे काम केले असे मानतात. त्याच काळात, ७ मे १३१८ रोजी, या दारिद्र्याबाबत तडजोड नाकारणाऱ्या चार फ्रान्सिस्कनांना, म्हणजे फ्रान्सिसने स्थापलेल्या संघाच्या भिक्षूंना, फ्रान्समधल्या मार्सेय शहरात जिवंत जाळण्यात आले.

वादाचे मूळ खुद्द फ्रान्सिसच्या मृत्युपत्रात आहे. कापडव्यापाऱ्याच्या या मुलाने बापाच्या संपत्तीवर पाणी सोडले होते. १२०९ मध्ये पोप तिसरा इनोसंट याने त्याच्या जीवनपद्धतीला तोंडी मान्यता दिली आणि १२२३ मध्ये संघाची नियमावली पक्की झाली. पण तोवर अनुयायी हजारोंनी वाढले होते. मठ, ग्रंथ, विद्यापीठातले शिक्षण हे सगळे हवे होते. १२२६ मध्ये मरणापूर्वी फ्रान्सिसने बजावले: पवित्र दारिद्र्याला न शोभणारी चर्चे आणि घरे स्वीकारू नका, रोमच्या दरबारातून सवलतीची पत्रे मागू नका, नियमावर भाष्ये रचू नका.

दोनच वर्षांत, १२२८ मध्ये, त्याला संतपद मिळाले आणि लगेच त्याच्या नावाने भव्य बॅसिलिकाची पायाभरणी झाली. १२३० मध्ये पोप नववा ग्रेगरी याने निर्णय दिला की मृत्युपत्र संघावर बंधनकारक नाही. पुढे तोडगा असा निघाला की मालमत्ता पोपच्या नावावर, भिक्षूंकडे फक्त वापर. कागदोपत्री भिक्षू अकिंचनच राहिले.

मला सर्वांत जास्त सलते ती १२६६ ची घटना. संघप्रमुख बोनाव्हेंतुरा याने लिहिलेले चरित्र अधिकृत ठरले आणि आधीची चरित्रे नष्ट करण्याचा आदेश निघाला. वरच्या चर्चमधली २८ प्रसंगांची प्रसिद्ध चित्रमालिका याच अधिकृत चरित्रावर बेतलेली आहे. ती जोत्तोचीच का, यावर अभ्यासक अजून भांडतात, पण तिची थोरवी त्याने कमी होत नाही. या भिंतींवर माणसांच्या देहाला वजन आले, चेहऱ्यांवर खरे दुःख उमटले. तरीही तिथे एक प्रसंग शोधून सापडत नाही: फ्रान्सिस आणि कुष्ठरोगी. मृत्युपत्राची सुरुवातच त्या भेटीने होते, आयुष्य तिथे पालटले असे तो स्वतः सांगतो. अधिकृत चरित्रातही ती कथा आहे. भिंतीवर मात्र तिला जागा मिळाली नाही. पोपसमोर गुडघे टेकणाऱ्या फ्रान्सिसला मिळाली.

जे मृत्युपत्राला धरून राहिले त्यांना 'स्पिरिच्युअल' म्हणू लागले. पीटर ऑलिव्ही, उबेर्तीनो दा काझाले, अँजेलो क्लारेनो ही त्यांतली मोठी नावे. इटलीच्या मार्के प्रांतात अशा काही भिक्षूंना संघानेच कोठडीत डांबले. १२८९ नंतर नव्या संघप्रमुखाने त्यांना सोडवले आणि किलिकियातल्या (आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या) आर्मेनियन राज्यात पाठवले. त्यांत तोलेंतिनोचा थॉमस होता. त्याची गोष्ट आपल्या दारात येऊन संपते.

चीनच्या वाटेवर असलेला थॉमस १३२१ मध्ये तीन सोबत्यांसह ठाण्याला उतरला. तिथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. त्या घरातल्या नवरा-बायकोच्या मारहाणीचे प्रकरण काझीपर्यंत गेले आणि त्यातून भिक्षूंनाही बोलावणे आले. चौकशी धर्मावर घसरली, इस्लामच्या प्रेषिताविषयी विचारल्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराने संताप उसळला आणि चौघेही मारले गेले. डोमिनिकन या दुसऱ्या संघाचा भिक्षू जॉर्डेनस याने त्यांना सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, पुरले. काही काळाने प्रवासी भिक्षू ओडोरिक याने त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. सिएनाच्या सान फ्रान्चेस्को चर्चमधले, आंब्रोजो लोरेंझेत्तीने रंगवलेले फ्रान्सिस्कन हुतात्म्यांचे चित्र याच प्रसंगाचे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

इकडे युरोपात १२ नोव्हेंबर १३२३ रोजी पोप बाविसावा जॉन याने जाहीर केले की ख्रिस्ताची आणि त्याच्या शिष्यांची स्वतःची काहीच मालमत्ता नव्हती, असा हट्ट धरणे पाखंड आहे. संघाच्या दारिद्र्याचा आधारच ही समजूत होती, त्यामुळे आता घाव फक्त स्पिरिच्युअलांवर नव्हता. ज्या मायकेल ऑफ चेझेनाने संघप्रमुख म्हणून त्यांना दडपले होते, तोच या मुद्द्यावर पोपशी भिडला आणि १३२८ मध्ये तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ओकमसह तेव्हा पोपचा दरबार असलेल्या आविन्योंहून पळून जर्मन राजा लुडविगच्या आश्रयाला गेला. तोलेंतिनोच्या थॉमसला मात्र चर्चने १८९४ मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून मान्यता दिली.