इंग्रजी क्रियापदांची पर्यायी भूतकाळरूपे

इंग्रजीतील काही क्रियापदांना साध्या भूतकाळाची एकाहून अधिक रूपे असून ती सर्व प्रमाण मानली जातात. उदा., बर्न–बर्न्ड, बर्न्ट, डाइव्ह–डाइव्हड, डोव्ह, हँग–हंग, हँग्ड, स्नीक–स्नीक्ट, स्नक. शालेय तक्त्यात अशा ठिकाणी तिरकी रेघ मारून दोन्ही रूपे देतात आणि विषय तिथेच संपतो. वस्तुतः या जोड्यांचे इतिहास वेगवेगळे आहेत. सर्वांना ‘अनियमित’ या एका सदरात घालणे सोयीचे असले, तरी फारसे उद्‌बोधक नाही.

जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, गॉथिक इ.) भूतकाळ दोन रीतींनी साधतो. धातूतील स्वर पालटणाऱ्या क्रियापदांना (सिंग–सँग) जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिमने ‘सबल’ म्हटले आणि दंत्य (ड किंवा ट) प्रत्यय घेणाऱ्यांना (वॉक–वॉक्ट) ‘दुर्बल’. स्वरपालटाचे मूळ इंडो-यूरोपीय अपश्रुतीत (रूपानुसार धातूचा स्वर बदलण्याच्या जुन्या रीतीत) आहे, याबद्दल मतभेद नाही. दंत्य प्रत्यय मात्र केवळ जर्मानिक शाखेत आढळतो आणि त्याच्या उगमाचा वाद सुमारे दोन शतके चालू आहे. भाषाशास्त्रज्ञ बोप व ग्रिम यांच्यापासून चालत आलेल्या मतानुसार ‘डू’ या क्रियापदाचे (संस्कृत ‘धा’ धातूचे सगोत्र) भूतरूप मुख्य धातूला जोडले जाऊन पुढे झिजले व त्याचा प्रत्यय झाला. चौथ्या शतकातील बायबलच्या भाषांतरातून ज्ञात असलेल्या गॉथिक भाषेत ‘सल्बोदेदुम’ (आम्ही तेल माखले) अशी लांब बहुवचनी रूपे आढळतात. त्यांतील ‘देदुम’ हा द्विरुक्त अंश या मताचा मुख्य आधार होय. अडचण आहे ती गॉथिक ‘कुन्था’सारख्या (इंग्रजी ‘कुड’चा पूर्वज) रूपांची. मूळ ‘ध’चा जर्मानिकमध्ये ‘द’ होतो. ऊष्म ‘थ’ मिळण्यासाठी मुळात ‘त’ असावा लागतो. म्हणून दुसरा पक्ष हा प्रत्यय विशेषण साधणाऱ्या ‘त’पासून व्युत्पादतो. संस्कृत ‘कृत’, ‘गत’ यांतील, शाळेत ‘क.भू.धा.वि.’ म्हणून घोकलेला, तो हाच ‘त’. भाषाशास्त्रज्ञ हेर्मान कोलित्सने १९१२ मध्ये तिसरीच दिशा सुचवली होती. त्याच्या मते हे मूळ आत्मनेपदी प्रत्ययांत शोधावे लागते. अभ्यासकांचा कल पहिल्या मताकडे अधिक दिसतो. तथापि ‘त’युक्त विशेषणांचाही या घडणीत हात असावा, असे मानणे सयुक्तिक वाटते. मराठीतील ‘गेला’, ‘केला’ ही रूपेही ‘गत’, ‘कृत’ यांच्या प्राकृत अवतारांवर ‘इल्ल’ प्रत्यय चढून झाली, असे सामान्यतः मानतात. दुसरा पक्ष खरा ठरला, तर ‘वॉक्ट’ आणि ‘गेला’ यांच्या मुळाशी एकच प्रत्यय असेल.

काही पर्यायी रूपांचे मूळ दोन क्रियापदांच्या मिश्रणात आहे. प्राचीन इंग्रजीत ‘लटकवणे’ या सकर्मक अर्थी सबल आणि ‘लटकणे’ या अकर्मक अर्थी दुर्बल अशी वेगळी क्रियापदे होती. त्यांत स्कँडिनेव्हियन भाषेतील क्रियापदाची भर पडून आजचे ‘हँग’ तयार झाले. ‘हंग’ हे रूप ‘सिंग–संग’च्या धर्तीवर सोळाव्या शतकाच्या सुमारास उत्तर इंग्लंडमध्ये रुळले व पुढे सार्वत्रिक झाले. फाशीच्या अर्थी ‘हँग्ड’ टिकले ते कायद्याच्या भाषेमुळे. शिक्षा सुनावण्याचे ठरीव शब्द सहसा कोणी बदलत नाही. भारताच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१९७३) कलम ३५४(५) च्या इंग्रजी पाठात ‘हँग्ड बाय द नेक टिल ही इज डेड’ हीच शब्दयोजना होती. तिच्या जागी आलेल्या २०२३ च्या संहितेतही ती कायम आहे. ‘बर्न’च्या मागेही अशीच सबल व दुर्बल जोडी आहे.

‘सँग’ व ‘संग’, ‘श्रँक’ व ‘श्रंक’, ‘स्प्रँग’ व ‘स्प्रंग’ यांची गोष्ट निराळी. प्राचीन इंग्रजीत सबल क्रियापदाचा भूतकाळातील स्वर वचनानुसार बदले. ‘मी गायलो’साठी ‘सांग’, तर ‘आम्ही गायलो’साठी ‘सुंगोन’ असे रूप होते (मध्यमपुरुषी एकवचनात मात्र उ-कारच असे). वचनभेद लोपल्यावर दोन स्वरांपैकी कोणता ठेवायचा, याचा निर्णय प्रत्येक क्रियापदाने स्वतंत्रपणे केला. ‘क्लिंग’, ‘स्टिंग’, ‘स्विंग’ उ-काराकडे गेली (आज त्याचा उच्चार ‘अ’ होतो: क्लंग, स्टंग, स्वंग), ‘सिंग’ अखेर अ-काराकडे आले. अठराव्या शतकात चांगले लेखकही भूतकाळी ‘संग’ लिहीत. अमेरिकन इंग्रजीत ‘श्रंक’ व ‘स्प्रंग’ आजही वापरात आहेत. त्यांना अशुद्ध ठरवणाऱ्यांना इतिहासाचा आधार नाही.

‘लर्न्ट’, ‘स्पेल्ट’, ‘स्मेल्ट’, ‘ड्रेम्ट’ या गटात भेद केवळ ध्वनीचा आहे. ल, न, म यांच्यापुढील ‘ड’ अघोष होऊन ‘ट’ झाला. ‘ड्रेम्ट’मध्ये जोडव्यंजनापूर्वीचा दीर्घ स्वरही ऱ्हस्व झाला, जसा तो ‘कीप–केप्ट’मध्ये होतो. ट-कारान्त रूपे ब्रिटनमध्ये अधिक, अमेरिकेत कमी. भारतीय शालेय इंग्रजी बहुधा ब्रिटिश वळणाची आहे. दीर्घकाळ चाललेल्या क्रियेला ‘बर्न्ड’ आणि झटक्यात उरकलेल्या क्रियेला ‘बर्न्ट’ वापरावे, असा भेद काही व्याकरणकार सुचवतात. प्रत्यक्ष वापरात तो काटेकोरपणे पाळला जात नाही.

सर्वाधिक चर्चा ‘स्नक’ची झाली आहे. हे रूप १८८७ च्या सुमारास अमेरिकेत प्रथम नोंदलेले दिसते. ‘ईक’ध्वन्यंत दुसऱ्या कोणत्याही क्रियापदाचे भूतरूप ‘अक’ होत नाही (स्पीक–स्पोक, लीक–लीक्ट), त्यामुळे थेट नमुना सापडत नाही. जोन बायबी व कॅरल मोडर या भाषाशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे: स्ट्रंग, स्टक, स्ट्रक, डग या रूपांचा एक सैल कुलगट असून अ-स्वर आणि शेवटचे कंठ्य व्यंजन एवढ्या साम्यावर नवे सदस्य त्यात सामावतात. वर्तमानकाळी रूप कसे आहे, हे तितके महत्त्वाचे नसते. ‘डग’ स्वतःही असेच नंतर आलेले आहे. १६११ च्या बायबलमध्ये ‘डिग्ड’ हेच रूप आढळते. अमेरिकन ‘डोव्ह’ हे ‘ड्राइव्ह–ड्रोव्ह’च्या अनुकरणाने झालेले एकोणिसाव्या शतकातील रूप असावे. प्राचीन इंग्रजीत ‘बुडी मारणे’ या अर्थी सबल क्रियापद होते खरे. पण मधल्या शतकांत त्याचा धागा तुटलेला असल्याने ‘डोव्ह’ला त्याचा वारस ठरवणे धाडसाचे होईल. ‘स्ट्राइव्ह’ तर फ्रेंचमधून आलेले, तरी ‘स्ट्रोव्ह’ करून बसले.

एरेझ लीबरमन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दिलेल्या मोजणीनुसार, प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत १४५ आणि आज ९८ अनियमित उरली आहेत. शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट वेगाने नियमित होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मात्र या मोजणीचा आरंभच जुन्या अनियमितांपासून होत असल्याने ‘स्टक’, ‘डग’, ‘स्नक’ यांसारखी उलट दिशेची उदाहरणे तिच्या कक्षेबाहेर राहतात, हे लक्षात घेतले पाहिजे.

नामावरून बनलेली क्रियापदे बहुधा नियमितच चालतात. बेसबॉलमध्ये उंच टोलवलेला चेंडू झेलला जाऊन फलंदाज बाद झाला की ‘फ्लाइड आउट’ म्हणतात, ‘फ्ल्यू आउट’ नव्हे, कारण हे क्रियापद ‘फ्लाय’ (उंच टोलवलेला चेंडू) या नामावरून बनले आहे. शहराला वेढा घातला तर ‘रिंग्ड’, घंटा वाजवली तर ‘रँग’. ‘प्लीड’चे ‘प्लेड’ हे रूप स्कॉटलंड व अमेरिकेतील न्यायालयांत चालते, इंग्लंडमध्ये ‘प्लीडेड’. ट-कारान्त ऱ्हस्व धातूंत (फिट, निट, वेट, क्विट) प्रत्ययासह व प्रत्ययाविना अशी दोन्ही रूपे आढळतात. ‘फिट’बाबत अमेरिकेत प्रत्ययहीन रूप अधिक चालते, ब्रिटनमध्ये ‘फिटेड’.