अर्धा टक्का आणि तेरा जागा

४ जून २०२४ च्या संध्याकाळपासून महाराष्ट्रात एक प्रश्न फिरतोय. निकालाचे आकडे फोनवर फॉरवर्ड होऊ लागले की तो हमखास वर येतो: ‘दोन्ही बाजूंना मतं जवळजवळ सारखी, मग जागा ३० आणि १७ कशा?’ लोकसभेच्या ४८ पैकी महाविकास आघाडीला ३० मिळाल्या (काँग्रेस १३, उद्धव ठाकरेंची शिवसेना ९, शरद पवारांची राष्ट्रवादी ८). महायुतीला १७ (भाजप ९, शिंदेंची शिवसेना ७, अजित पवारांची राष्ट्रवादी १). उरलेली सांगली अपक्षाने नेली. मतं मात्र दोन्हीकडे ४३ टक्क्यांच्या वर आणि ४४ च्या आत, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याच्याही खाली. हरलेल्या बाजूच्या नेत्यांनी हा आकडा सभांमधून पुन्हा पुन्हा सांगितला. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी त्यातून खोट्या प्रचाराचा अर्थ काढला, काहींनी मतदान यंत्रांतल्या गडबडीचा.

दोन्हींची गरज नाही. हा आकड्यांच्या मांडणीचा खेळ आहे, आणि शाळेत शिकलेली सरासरी व मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) एवढ्यावर तो उलगडतो.

आधी एक विचित्र प्रयोग करू. समजा, राज्यातला प्रत्येक मतदार नाणं उडवून मत देतो आणि नाणं किंचित खोटं आहे: ‘अ’ पक्षाच्या बाजूने ५०.२ टक्के वेळा पडतं. एका मतदारसंघात दहा लाख मतं. ‘अ’ला सरासरी ५ लाख २ हजार मिळतील. यात योगायोगाने किती चढउतार होईल? नाण्यांच्या गणितात तो मतांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या निम्मा असतो. दहा लाखांचं वर्गमूळ हजार, त्याचं निम्मं ५००. म्हणजे ‘अ’ला हरवायला योगायोगाला ५०० च्या चौपट उडी मारावी लागेल, आणि तसं तीसेक हजारांत एखाद्या वेळी घडतं. थोडक्यात, ४८ च्या ४८ जागा ‘अ’ला. फक्त ०.२ टक्क्याच्या जोरावर!

आपल्याकडचा नियम असा की ज्याला सर्वात जास्त मतं, त्याची जागा. या नियमाखाली मतदार पाण्यात साखर विरघळावी तसे सगळीकडे सारखे पसरले असते, तर कुठल्याच राज्यात विरोधी पक्षाला एकही खासदार मिळाला नसता. दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला जागा मिळतात त्या त्याची मतं कुठे घट्ट, कुठे पातळ असतात म्हणून.

हे कागदावरचंच आहे असं वाटत असेल तर ओडिशा बघा. २०२४ मध्ये बिजू जनता दलाला तिथे साडेसदतीस टक्के मतं मिळाली आणि २१ पैकी एकही जागा नाही. काँग्रेसला मतं जेमतेम साडेबारा टक्के, पण कोरापूटची जागा मिळाली. तिप्पट मतं आणि शून्य जागा! बिजू जनता दलाची मतं राज्यभर जवळपास एकसारखी पसरलेली होती, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या क्रमांकाची. तमिळनाडूत २०१४ मध्ये द्रमुकचं असंच झालं होतं.

आता मला ज्यात खरी गोडी वाटते ती गोष्ट. महाराष्ट्रातले ४८ मतदारसंघ एका ओळीत उभे करा. प्रत्येकाच्या हातात एक आकडा: तिथे महाविकास आघाडी महायुतीच्या किती पुढे किंवा मागे होती. एका टोकाला उस्मानाबाद, जिथे उद्धवसेना ३ लाख २९ हजारांनी पुढे होती. मग चंद्रपूर, काँग्रेस २ लाख ६० हजारांनी पुढे. दुसऱ्या टोकाकडे उत्तर मुंबई, भाजप ३ लाख ५७ हजारांनी पुढे. रावेर आणि जळगावमध्ये भाजप अडीच लाखांच्या वर, ठाणे आणि कल्याणमध्ये शिंदेसेना दोन लाखांच्या वर. आणि अगदी टोकाला सांगली.

सांगलीजवळ थोडं थांबायला हवं. तिथे अपक्ष जिंकला, भाजपचा उमेदवार दुसरा आला आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला साठ हजारांच्या आसपास मतं पडली. म्हणजे दोन आघाड्यांपुरतं पाहिलं तर महायुती तिथे चार लाखांहून जास्त मतांनी पुढे होती. राज्याच्या बेरजेत हे चार लाख धरले गेले, जागांच्या खात्यात त्यांचं मोल शून्य. टक्केवारी ‘सारखी’ दिसण्यात या एकट्या मतदारसंघाचा वाटा मोठा आहे.

या ४८ आकड्यांची सरासरी काढली तर ती महाविकास आघाडीच्या बाजूने कशीबशी चार-पाच हजार येते. एका मतदारसंघात सरासरी बारा लाखांच्या आसपास मतं पडली हे लक्षात घेतलं, तर हा तोच अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक. पण ओळीच्या मधोमध कोण उभं आहे? ईशान्य मुंबई आणि भंडारा-गोंदिया. पहिल्या ठिकाणी आघाडी जवळपास ३० हजारांनी पुढे, दुसऱ्या ठिकाणी ३७ हजारांनी. सरासरी शून्याला टेकलेली, मध्यक मात्र चांगला तीस हजारांच्या पलीकडे. टक्केवारी सरासरी दाखवते आणि बहुमत कोणाचं ते ओळीतला मधला मतदारसंघ ठरवतो. एकूण मतं सारखी असताना दोघांच्या जागा सारख्या व्हायच्या तर ही ओळ मधोमध दुमडल्यावर दोन्ही बाजू जुळायला हव्यात. इथे महायुतीची बाजू लांब शेपटीची होती.

पडताळा घ्यायचा असेल तर जिंकलेल्या जागांची मताधिक्यं पाहा. महायुतीच्या १७ विजयांचं सरासरी मताधिक्य सव्वा लाखाच्या पुढे जातं, आघाडीच्या ३० विजयांचं लाखाच्या आसपास राहतं. एकूण मतं समान असतील तर हे होणारच. दोन्ही बाजूंच्या मताधिक्यांची बेरीज जवळजवळ तेवढीच, पण एकीने ती कमी जागांत ओतली. उत्तर मुंबईत साडेतीन लाखांनी जिंकलं काय आणि एका मताने जिंकलं काय, खासदार एकच.

विभागवार पाहिलं की हे नकाशावर दिसतं. ठाणे-पालघर-कोकणातल्या सहापैकी पाच महायुतीकडे, त्यातल्या तीन पावणेदोन लाखांपेक्षा जास्त मतांनी. मराठवाड्यात आठपैकी सात आघाडीकडे, विदर्भात दहापैकी सात. यात भंडारा-गोंदिया, अमरावती, बीड अशा थोडक्या फरकाने जिंकलेल्या जागाही आहेत. बीडचा फरक साडेसहा हजारांचा होता.

आता याच ओळीचा आलेख काढू. आडव्या अक्षावर मतांचा वाटा, उभ्या अक्षावर मतदारसंघांची संख्या. साधारण घंटेच्या आकाराचा वक्र मिळतो. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं होतं की दोन पक्षांच्या जागांचं गुणोत्तर त्यांच्या मतांच्या गुणोत्तराच्या घनाइतकं येतं. याला घननियम म्हणतात. १९५० मध्ये केंडल आणि स्टुअर्ट या संख्याशास्त्रज्ञांनी त्यामागचं गणित मांडलं: मतदारसंघांमधला मतांचा वाटा प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वक्राप्रमाणे विखुरलेला असेल आणि त्याचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) १३.७ टक्क्यांच्या जवळ असेल, तर घननियम आपोआप निघतो. कारण अटीतटीच्या रेषेवर, म्हणजे ५० टक्क्यांपाशी, घंटेची उंची ०.३९९ (हा अशा वक्राचा ठरलेला आकडा) भागिले ०.१३७, म्हणजे जवळपास ३ असते. मतांत एक टक्का हलला की जागांत तीन टक्के हलतात. यात घनाची काही जादू नाही. तो ३ हा त्या काळच्या ब्रिटनच्या वस्तीचा, म्हणजे कामगारवस्त्या आणि सुखवस्तू उपनगरं किती वेगळी होती याचा आकडा आहे.

मग महाराष्ट्राचा आकडा किती? दोन आघाड्यांपुरता हिशेब केला तर २०२४ चं प्रमाण विचलन माझ्या ढोबळ गणिताने सात टक्क्यांच्या आसपास येतं, ब्रिटनच्या निम्मं. घंटा अरुंद म्हणून उंच. ०.३९९ भागिले ०.०७ केलं की साडेपाचच्या पुढे. मतांत एक टक्का हलला की जागांत पाच-सहा टक्के हलणार. गणित नकोसं झालं असेल तर आकडे सोडा आणि एवढंच धरा: मतदारसंघ एकमेकांसारखे होत गेले की निकाल जास्त नाजूक होतो.

हे प्रत्यक्ष ताडून पाहता येतं. शंभरातल्या दोन मतदारांनी आघाडी सोडून महायुतीला मत दिलं असतं तर प्रत्येक ठिकाणचं अंतर चार टक्क्यांनी, म्हणजे ४८ हजारांच्या आसपास, बदललं असतं. धुळे, बीड, उत्तर मध्य मुंबई, अमरावती, अहमदनगर, ईशान्य मुंबई, भंडारा-गोंदिया या सात जागा फिरल्या असत्या. निकाल ३०-१७ ऐवजी २३-२४. उलट दिशेने दोन टक्के सरकले असते तर महायुती अकरा-बारावर आली असती. अर्थात बदल सगळीकडे सारखा होत नाही. साताऱ्यात भाजप ३२ हजार ७७१ मतांनी जिंकला आणि तिथल्या ‘तुतारी’ चिन्हाच्या एका अपक्षाला ३७ हजारांहून जास्त मतं मिळाली. भाजपसमोर लढणाऱ्या शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. असल्या गोष्टी कुठल्याही वक्रात बसत नाहीत.

मतदानोत्तर चाचण्यांचं हसं का होतं, त्याचं एक मोठं कारणही हेच. २०२४ मध्ये बहुतेक चाचण्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेऊन ठेवलं, प्रत्यक्षात आल्या २९३. देशभरात भाजपची मतं २०१९ च्या तुलनेत एक टक्क्यानेही घटली नव्हती, जागा मात्र ३०३ वरून २४० वर आल्या. मतांच्या अंदाजातली दीड-दोन टक्क्यांची चूक ही चांगल्या नमुना-पाहणीतही होते. उंच घंटेवरून ती जागांमध्ये उतरताना फुगते. टीव्हीवर ‘अमुक जागा’ असा नेमका आकडा ठणकावून सांगणाऱ्याने मतांच्या वाट्याची त्रुटी सांगितली नसेल, तर तो आकडा ऐकून सोडून द्यावा.

याच रांगेत ज्योतिषीही येतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने निवडणुकांच्या तोंडावर त्यांना जाहीर आव्हानं दिली आहेत, तरी निकालानंतर ‘आम्ही म्हटलंच होतं’ म्हणणारे कमी होत नाहीत. वायव्य मुंबईत शिंदेसेनेचा उमेदवार ४,५२,६४४ विरुद्ध ४,५२,५९६, म्हणजे बरोबर ४८ मतांनी जिंकला, आणि राज्याच्या जागाही ४८. अंकशास्त्रवाल्यांना एवढं पुरेसं असतं. साडेनऊ लाखांच्या मतदानात ४८ चा फरक पडला ही उत्कंठेची बाब आहे, ४८ हा आकडा तेवढा नाही. ४७ मतांचा फरक पडला असता तर त्यालाही कुणीतरी अर्थ लावला असता.

राहिलं धुळे. वरचा नियम तिथे उलटा होतो. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं असतात आणि त्यांच्या मतांची सरळ बेरीज होते, कोण किती क्षेत्रांत पुढे हे मोजलं जात नाही. धुळ्यात सहापैकी पाच क्षेत्रांत भाजप पुढे होता. मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसची आघाडी एवढी प्रचंड होती की बाकी पाचांची आघाडी पुसली गेली आणि काँग्रेस ३,८३१ मतांनी जिंकली. राज्याच्या पातळीवर एका जागी साठलेली मतं महायुतीला नडली. इथे एका जागी साठलेलीच मतं काँग्रेसला फळली, कारण इथे बेरीज चालते, मध्यक नाही. ‘मालेगावने निकाल फिरवला’ हे वाक्य मग खूप दिवस चाललं. गणिताला मालेगावचं मत आणि बाकी पाचांतल्या शिंदखेड्याचं मत वेगळं ओळखता येत नाही. ३,८३१ चा फरक भाजपला उरलेल्या पाचांपैकी कुठेही भरून काढता आला असता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच सहा क्षेत्रांची मोजणी वेगवेगळी झाली. तोवर वारंही फिरलेलं होतं, पण नियमही बदललेला होता. पाच जागा महायुतीला गेल्या, आणि मालेगाव मध्य एमआयएमकडे, अवघ्या १६२ मतांनी.