रिमॅपच्या आधी ब्रेक ऑइल: छोट्या टर्बो गाडीतल्या उष्णतेचा हिशेब

पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस, आय२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसर. आकाराने लहान आणि पिकअपला तिखट अशा या गाड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्या गप्पा हमखास रिमॅपवर, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकातला मॅप (सेटिंग) बदलण्यावर, येतात. किती पीएस (अश्वशक्ती) वाढले, टॉर्क (फिरवण्याचा जोर) किती मिळाला. मला मात्र वाटतं, रोज ऑफिसला न्यायच्या गाडीबाबत पहिला प्रश्न वेगळा असावा: एवढी ऊर्जा शेवटी जाते कुठे?

अटल सेतूवर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. चालकासह १,२०० किलो भरणारी हॅचबॅक त्या वेगात असते तेव्हा तिच्यात सुमारे ४६० किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. दीड लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. करकचून ब्रेक दाबला तर तिचा बहुतेक भाग तीनेक सेकंदांत डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि तिला घासून थांबवणाऱ्या पॅडमध्ये उष्णता होऊन उतरतो. भागाकार केला तर सरासरी १५० किलोवॅटच्या वर आकडा येतो. १२० पीएसचं इंजिन जीव तोडून देतं ते ८८ किलोवॅट. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १०० ऐवजी १२० च्या वेगात ब्रेकवरचा बोजा ४४ टक्क्यांनी चढतो. रिमॅप केलेली गाडी त्या वेगाला कधी पोचली हे कळतही नाही.

मग मोठी डिस्क, मोठं कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा) लावलं की गाडी लवकर थांबेल? बहुधा नाही. ब्रेक दाबल्यावर पॅडल थरथरून एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) काम करू लागत असेल, तर चाक अडवण्याची ताकद ब्रेकमध्ये पुरेशी आहे. कमी पडते ती टायरची पकड. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.९ धरला तर १०० च्या वेगातून थांबायला ४४ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर तो ०.५ वर आला की ७९ मीटर. म्हणून खर्चाची सुरुवात ओल्या रस्त्यावर पकड देणाऱ्या चांगल्या टायरपासून व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

मोठ्या डिस्कचा खरा उपयोग पुन्हा पुन्हा ब्रेक लावताना दिसतो, कारण लोखंड जास्त असलं की तापमान सावकाश चढतं. हॅचबॅकच्या पुढच्या डिस्कचं तापमान १०० च्या वेगातून एकदा थांबताना साधारण ७० अंशांनी वाढतं. आता लोणावळ्याहून खोपोलीला उतरण्याचा विचार करा. उंचीतला फरक साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेसहा मेगाज्यूल. १०० च्या वेगातून चौदा वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. थोडी हवेचा आणि टायरचा रोध खातो, उरलेली इंजिनाने किंवा ब्रेकने पचवायची. खालचा गिअर टाकला तर इंजिन मोठा वाटा उचलतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे लोक अजून आहेत आणि त्यांची मला काळजी वाटते. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की आजची इंजिनं उतारावर इंधन बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं आणि सगळा भार डिस्कवर येतो.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. इथे मुंबईचा प्रश्न उभा राहतो. आपल्या गाड्यांमधलं डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ऑइल ग्लायकॉल या रसायनावर आधारलेलं असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पॅडल थेट खाली जातं. जुलै-ऑगस्टमधली दमट हवा पाहता दर दोन वर्षांनी, जमल्यास पावसाळा संपल्यावर, ऑइल पूर्ण बदलणं हा इथला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा ब्रेक अपग्रेड आहे. डॉट ५.१ आणखी उष्णता सोसतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते या ऑइलमध्ये मिसळायचं नाही.

पॅडबाबत सावध राहायला हवं. ट्रॅकसाठी बनवलेले पॅड तापल्यावरच नीट पकडतात. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडताना, तेही पावसात, पहिला ब्रेक थंड पॅडनेच लागणार असतो. रोजच्या गाडीला रस्त्यासाठी बनवलेले, पण जास्त तापमान सोसणारे पॅड पुरेत. तेही खात्रीच्या दुकानातून घ्यावेत, कारण बाजारात बनावट पॅड फिरतात.

मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकला कमी लेखू नका. जोरात ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे झुकतं. उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर ६० टक्के भार असेल, तर तो ८० च्या घरात जातो. मागची चाकं हलकी होतात आणि ती आधी अडली तर गाडी गरकन फिरते. कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण आणि एबीएस या हिशेबाने जुळवलेलं असतं. फक्त एका टोकाला मोठे ब्रेक बसवले की ते बिघडतं. शिवाय मोठ्या डिस्कला मोठी रिम लागते, रिम मोठी की टायरची भिंत बुटकी, आणि मग खड्ड्याचा दणका थेट रिमवर.

इंजिनातही मामला उष्णतेचाच आहे. रिमॅपमध्ये बूस्ट (हवेचा दाब) वाढवतात, म्हणजे टर्बो हा धुराच्या जोरावर फिरणारा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा दाबली की तापते: ३४ अंशांची हवा वातावरणाच्या १.८ पट दाबावर नेली तर टर्बोतून बाहेर पडताना ती शंभर अंश ओलांडते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण त्यासाठी समोरून वारा हवा, आणि संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर तो कुठून येणार? तापलेल्या हवेत ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. त्याने पिस्टन फुटू शकतो, म्हणून नॉक सेन्सरचा इशारा मिळताच ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी उशिरा पाडतो आणि विकत घेतलेली ताकद परत जाते.

परदेशातले मॅप अनेकदा ९८ ऑक्टेनचं (हा आकडा जितका जास्त, तितका नॉकिंगचा धोका कमी) पेट्रोल धरून लिहिलेले असतात. बीएस ६ या प्रदूषण-मानकात आपल्या साध्या पेट्रोलचा किमान आकडा ९१ आहे. वीस टक्के इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो हे खरं, पण इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. तेवढं काम करायला इंजेक्टरना (इंधन फवारणाऱ्या नळ्यांना) जास्त इंधन सोडावं लागतं, आणि वाढलेल्या बूस्टवर त्यांची मर्यादा लवकर गाठली जाते. गिअरबॉक्सलाही मर्यादा आहे. पोलोतला कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी (स्वयंचलित गिअरबॉक्स) २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवला आहे, आणि ट्रॅफिकमध्ये फूटभर सरकताना त्याचे क्लच तसेही घासून तापतात.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून घ्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून टाकण्याला तर माझा साफ विरोध आहे. तो काढल्यावर निघणारा विषारी धूर शेजारच्या रिक्षातला माणूस श्वासात घेतो.

एवढं सांभाळून मॅप केलाच, तर डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर समाधान मानू नका. तो आकडा मोठ्या पंख्यासमोर मिळालेला असतो. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती देणाऱ्या सॉकेटला) रीडर लावून मे महिन्यातल्या दुपारी, एसी चालू ठेवून, सायन-पनवेल मार्गावर आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) यांची नोंद घ्या. टायमिंग वारंवार मागे जात असेल, तर बूस्ट कमी करून मॅप पुन्हा लिहून घ्या.