मास्ट्रिख्टचं चर्च पुस्तकवाल्यांनी बंद पाडलं नाही

गॉथिक कमानींखाली काळ्या पोलादाचं अवाढव्य पुस्तकांचं कपाट, असा फोटो फिरत असतो. खाली ठरलेली ओळ : 'युरोपात भाविक संपले, चर्चचं दुकान झालं!' फोटो खरा आहे, ओळ मात्र चुकीची.

हे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचं डॉमिनिकन चर्च, म्हणजे डॉमिनिकन पंथाच्या साधूंच्या मठाचं. 1294 मध्ये विधी करून ते उपासनेसाठी खुलं झालं. 1794 मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी शहर घेतलं आणि दोनच वर्षांत मठ बंद करून साधूंना हाकललं. म्हणजे उपासना थांबली ती सरकारी हुकमाने, तीही सव्वादोनशे वर्षांपूर्वी. पुढे लष्करी कोठार, मग शहराची अडगळ. विसाव्या शतकात तर इथे चक्क सायकली लावायचे. पुस्तकांचं दुकान आलं 2006 मध्ये. त्याने कुणाची प्रार्थना बंद पाडली म्हणणं जरा अतीच झालं.

'जुनी वास्तू फोडून मजले चढवले' हाही आरोप होतो. दुकानाला जागा हवी होती सुमारे 1200 चौरस मीटर, आणि फरशी होती साडेसातशेच. मर्क्स आणि जिरो या वास्तुरचनाकारांनी मजल्यांचा पोलादी सांगाडा एकाच बाजूला, स्वतंत्र उभा केला. उद्या काढायचा म्हटला तर निघेल. वर चढलं की छताची जुनी चित्रं एरवीपेक्षा कितीतरी जवळून दिसतात. वेदीच्या जागी आता कॉफी मिळते. क्रूसाच्या आकाराचं टेबल मात्र मला थोडं आगाऊपणाचंच वाटतं.

आणि धंदा म्हणाल, तर दुकानाची मालक साखळी 2014 मध्ये बुडाली. वाचकांनी वर्गणी काढून ते तगवलं.